भाची निघाली ‘पार्टी स्कूल’ला!

गेल्या वर्षी शिमग्याच्या सुमारास ठाण्याहून ताईचा फोन आला. आमची ताई आधी प्रकृती विचारते, मग भाजीचे भाव सांगते आणि शेवटी मुद्द्यावर येते. त्या दिवशी मात्र ती एकदम म्हणाली, “तू उद्याच्या उद्या ये. पोरीचं अमेरिकेला जायचं रद्द करायचं आहे.”

मी हबकलोच! आठच दिवसांपूर्वी भाचीला मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणून पेढे वाटून झाले होते. भाऊजींनी बँकेत कर्जाचे कागदही दिले होते. सकाळच्या गाडीने ठाणे गाठले, तो घरात सुतकी शांतता. कारण कळले ते असे : शेजारच्या वहिनींनी ताईला मोबाइलवर एक जुनी यादी दाखवली होती. अमेरिकेत सर्वांत जास्त मौजमजा आणि मद्यपान कोणत्या विद्यापीठांत चालते, त्याची! आणि 2016 सालच्या यादीत पहिला नंबर कुणाचा? तर आमच्या मॅडिसनचा.

“शिकायला पाठवतोय की बाटल्या धुवायला?” ताईने विचारले. भाची डोळे पुसत खिडकीशी उभी.

मी जन्मभर मास्तरकी केलेली. यादी म्हटली की ती कुणी केली आणि कशी केली, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. दोन दिवस ठाण्यातच मुक्काम ठोकला आणि शोध घेतला.

या याद्यांचा प्रकार जुना आहे. ज्याचे नाव आपल्या घरांत मोठ्याने घेत नाहीत, त्या ‘प्लेबॉय’ मासिकाने 1987 च्या जानेवारीत अशी एक यादी छापली आणि उत्तर कॅलिफोर्नियातल्या चिको येथील सरकारी विद्यापीठाला पहिले स्थान दिले. त्याच वर्षी वसंतात तिथल्या ‘पायोनियर डेज’ या जुन्या उत्सवात दंगल झाली आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांनी तो उत्सवच बंद करून टाकला. पुढे ‘प्रिन्स्टन रिव्ह्यू’ नावाच्या कंपनीने वर्षानुवर्षे अशी यादी काढली. नावावर जाऊ नका, वाचकहो! प्रिन्स्टन विद्यापीठाशी हिचा काडीचा संबंध नाही. ती परीक्षांच्या तयारीची पुस्तके काढणारी कंपनी. विद्यार्थ्यांनाच प्रश्न विचारायचे : तुमच्याकडे दारू किती चालते, इतर व्यसने किती, रोज अभ्यास किती तास करता, ‘फ्रॅटर्निटी’चा जोर किती? उत्तरांवरून क्रम लावायचा. 2002 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ही यादी बंद करा म्हणून मागणी केली, पण यादी निघतच राहिली.

पहिला मान 2013 साली आयोवाला, 2014 साली सिराक्यूसला, 2015 साली अर्बाना-शॅम्पेनच्या इलिनॉयला आणि मग मॅडिसनला. आता गंमत पाहा. आयोवा म्हणजे जिथे लेखकांसाठी जगप्रसिद्ध शिक्षणक्रम चालतात आणि जिथे आपले दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात जाऊन राहिले, ते. इलिनॉयला जॉन बार्डीन शिकवीत, ज्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल दोनदा मिळाले. आणि मॅडिसन? हरगोविंद खुराना 1968 साली नोबेलचे मानकरी झाले तेव्हा याच विद्यापीठात होते!

हे ऐकून ताई थोडी निवळली. पण मी तिला अर्धेच सांगून गप्प बसलो असतो, तर तो खोटेपणा झाला असता.

यादी उथळ असली, तरी तिच्यामागचा प्रश्न खरा आहे. अमेरिकेत 1984 साली कायदा झाला आणि मद्याचे वय एकवीस ठरले. जे राज्य ऐकणार नाही, त्याच्या रस्त्यांचा केंद्रीय निधी कापायचा! पण मुले कॉलेजात येतात अठराव्या वर्षी. मग पिणे उघड्यावरून बंद खोलीत गेले. 2008 साली शंभरावर कॉलेजांच्या अध्यक्षांनी या वयाचा फेरविचार करा, असे पत्रक काढले. कायदा तसाच राहिला. त्यात या फ्रॅटर्निटी. ग्रीक अक्षरांची नावे लावणारी ही मुलांची मंडळे, आणि नव्याने येणाऱ्याची ‘परीक्षा’ घेण्याची त्यांची दुष्ट चाल. 2017 च्या फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनियात अशाच एका मंडळाच्या घरात एकोणीस वर्षांचा मुलगा दारू पाजल्यावर जिन्यावरून पडला. सोबत्यांनी जवळजवळ बारा तास मदत मागवली नाही. तो गेला.

हे वाचले आणि मला 1976 सालची रात्र आठवली. ही गोष्ट मी ताईलाही कधी सांगितली नव्हती. वसतिगृहाचे स्नेहसंमेलन आटोपल्यावर आमच्या खोलीत चोरून बाटली आली. माझा जोडीदार कधी न पिणारा. तो हरभऱ्याच्या झाडावर चढला, ओकला आणि निपचित पडला. आम्ही चौघांनी त्याला लिंबूपाणी पाजायचा प्रयत्न केला, तळपाय चोळले, पण रेक्टरला उठवले नाही. नाव कापले जाईल ही धास्ती! पहाटे मेसचा महाराज दूध घ्यायला निघाला, त्याने दार उघडे पाहिले आणि त्यानेच त्याला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेले. तासाभराने आणला असता तर हाती लागला नसता, असे डॉक्टर म्हणाले.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे यादीत नाव नसलेल्या ठिकाणीसुद्धा...” आणि चहा टाकायला उठली.

भाचीला मी जवळ बसवले. “पी, नको पिऊ, ते तू शहाणी आहेस. पण कुणी निपचित पडलं, तर झोपू द्यायचं नाही. 911 ला फोन करायचा. मदत बोलावणाऱ्यावर खटला होऊ नये म्हणून तिकडे बऱ्याच राज्यांत कायदेच केलेत.”

“मामा, तो नंबर मला पाठ आहे,” ती म्हणाली.

“तरी लिहून चिकटव.”

ऑगस्टमध्ये ती गेली. मेंडोटा तळ्याकाठी विद्यार्थ्यांची मोठी गच्ची आहे, तिथे 1933 पासून बिअर मिळते. हे मी ताईला मुद्दामच सांगितले नव्हते. ते तिला लेकीनेच फोनवर सांगितले. फुटबॉलच्या शनिवारी सारे गाव लाल कपडे घालून रस्त्यावर येते आणि सामन्याच्या मध्यात हजारो माणसे एकदम उड्या मारतात, हेही सांगितले.

“आणि तू काय केलंस त्या गच्चीवर?” ताईने विचारले.

“आइस्क्रीम खाल्लं. विद्यापीठाच्याच डेअरीचं असतं.”

ताईने माझ्याकडे पाहिले. मग फोन तोंडाशी धरून म्हणाली, “तो नंबर चिकटवलास का गं?”

“फ्रीजवर आहे, आई.”