मोठ्या टायरला हवा किती?
अमेरिकेत पिकअप ट्रकना मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविण्याची हौस जुनी आहे. मात्र चालकाच्या दाराच्या चौकटीवरील हवेचा आकडा मूळ टायरसाठी असतो, तर टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा बहुधा कमाल मर्यादेचा. म्हणून आधी उत्पादकाच्या तक्त्यात चाकावरील भारानुसार किमान दाब पाहावा. मग खडूची जुनी युक्ती आहेच. थंड टायरच्या नक्षीवर आडवा पट्टा ओढून सपाट रस्त्यावर थोडे सरळ जावे. खडू फक्त मधोमध पुसला गेला तर हवा जास्त. फक्त कडांना पुसला गेला तर कमी. तथापि पट्टा काहीही सांगो, तक्त्यातील किमान दाबाखाली उतरू नये. कमी हवेचा टायर सतत वाकून तापतो आणि भरधाव वेगात फुटू शकतो. रिकाम्या गाडीसाठी ठरविलेला दाब माल लादल्यावर पुरत नाही, हे तर हौशी मंडळी हमखास विसरतात.