बाई की बुवा? एका रोमी नावाची गोष्ट

आम्ही शाळेत हजेरी घेतो तेव्हा 'किरण' हे नाव आले की मान वर करून पाहावे लागते. 'किरणला पुस्तक दे' यावरून मुलगा की मुलगी, काय कळणार? 'किरण आली' म्हटले की कोडे सुटते. आपल्या क्रेओलमध्ये तर तेही नाही. पुरुष असो वा बाई, दोघांनाही 'ली'च!

असेच कोडे बायबलात आहे. इ.स. ५७ च्या सुमारास पौलाने रोमच्या मंडळीला ग्रीक भाषेत पत्र लिहिले. त्याच्या १६ व्या अध्यायात, ७ व्या वचनात तो आंद्रोनिकस व आणखी एका व्यक्तीला सलाम सांगतो. हे दोघे त्याचे नातलग, त्याच्याबरोबर बंदिवास भोगलेले, आणि प्रेषितांमध्ये नावाजलेले. दुसरे नाव द्वितीया विभक्तीत आहे : 'युनियान'. मूळ नाव 'युनिया' असेल तर ती बाई, 'युनियास' असेल तर पुरुष. द्वितीयेत दोन्हींची अक्षरे तीच. बाईच्या नावात आघात 'नि'वर, पुरुषाच्या नावात शेवटच्या 'या'वर, एवढाच काय तो फरक. आणि सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आघाताची चिन्हेच नाहीत!

मग निवाडा कसा करावा? नावाचे कूळ पाहून. नाव ग्रीक नव्हे, रोमी. रोममध्ये मुलीला घराण्याचेच नाव स्त्रीलिंगी करून देत. युनियस घराण्याची मुलगी ती युनिया. सीझरला मारणारा ब्रूटस याच घराण्यातला. त्याच्या एका सावत्र बहिणीचे नाव युनिया तेर्तिया, म्हणजे 'तिसरी युनिया'. (मुलींच्या नावासाठी फार डोके खाजवीत नसत असे दिसते.) रोमच्या शिलालेखांत युनिया २५० हून अधिक वेळा सापडते, युनियास एकदाही नाही. ते 'युनियानुस'चे आखूड रूप, हा नुसता तर्क.

चौथ्या शतकातील ख्रिसोस्तोमची बोलीच ग्रीक. त्याने हिला बाई समजून, प्रेषित म्हणून वाखाणले. पुढे बाई प्रेषित कशी, हे युरोपातल्या पंडितांना पटेना. लूथरने जर्मन भाषांतरात पुरुष केला. नेस्ले यांच्या छापील ग्रीक प्रतीत १९२७ साली पुरुषाचे चिन्ह घातले गेले, ते १९९८ साली बदलून पुन्हा बाईचे झाले. ७१ वर्षे एका चिन्हाने बाईचा बुवा केला होता!

आता ती बाई, हे बहुतेक जाणकार मानतात. 'प्रेषितांमध्ये नावाजलेली' की 'प्रेषितांना चांगली ठाऊक असलेली', हा वाद मात्र उरला आहे. आम्ही ख्रिसोस्तोमच्या बाजूचे. घरच्या भाषेतले त्याला आपल्यापेक्षा अधिक कळत असणार.

शेजाऱ्यांकडे लुई सेगों यांचे १९१० चे फ्रेंच बायबल असेल तर हे वचन काढून पाहा. तेथे पुरुषाचेच नाव आढळेल.