गोचीड ओळखावा कसा?



पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळताना हात मानेच्या पोळीत जातो आणि बोटांना एरंडीच्या बीसारखे काही लागते. तो गोचीड. ही उपमा काही माझी नव्हे. एरंडाचे शास्त्रीय लॅटिन नाव ‘रिसिनस’, आणि त्या शब्दाचा अर्थच गोचीड!

आपण तो ओढून काढतो आणि ढोर साफ झालं म्हणतो. पण ही टम्म फुगलेली मादी म्हणजे त्या कुळातली म्हातारी. तिचे पिणे संपत आलेले असते. ज्यांचे पिणे अजून व्हायचे आहे, ती पिल्ले तुमच्या नजरेतून सुटतात.

मादी पोट भरले की आपण होऊन गळून पडते, दगडाखाली किंवा कचऱ्यात दडते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यांचा पुंजका तपकिरी, चकचकीत, खसखस सांडल्यासारखा दिसतो. त्यातून निघणाऱ्या पिल्लाला पाय असतात सहा. गवताच्या शेंड्यावर चढून ते पुढचे दोन पाय पसरून बसते, आणि जनावर घासून गेले की त्याला चिकटते. रक्त पिऊन कात टाकली की पाय होतात आठ, तीळभर अंग. पुन्हा एकदा कात टाकली की झाला नर किंवा मादी. गोचीड कीटक नव्हे, कोळ्याच्या नात्यातला; म्हणून मोठेपणी आठ पाय. नराची सारी पाठ कडक ढालीने झाकलेली असते, म्हणून तो फुगत नाही. मादीची ढाल डोक्यामागे तेवढी, बाकी कातडी ताणते.

आता तुम्ही म्हणाल, एवढे पाय मोजून करायचे काय? त्यावरच तर उपाय ठरतो. आपल्या गुरांवर मुख्यतः दोन जातींचे गोचीड आढळतात. एक निळसर-करडा फुगतो, पाय फिकट. हा पिल्लापासून म्हातारपणापर्यंत एकाच जनावरावर राहतो, सुमारे तीन आठवडे. म्हणजे मोठी मादी दिसली तेव्हा तिची भावंडे अंगावर तीन आठवड्यांपासून होती. याला अंगावरच गाठावे लागते. दुसरा तपकिरी, चपळ, पायांवर फिकट कडी असलेला. तो कासेभोवती, शेपटीखाली बसतो, पण कात टाकायला कोठ्याच्या भिंतीतल्या फटीत शिरतो. गाय कितीही धुवा, फटी लिंपल्या नाहीत तर तो परत येणारच.

रोगांचेही तसेच. लाल लघवीचा ताप पहिल्या जातीच्या मादीकडून अंड्यांत उतरतो. पिल्लू जन्मतःच तो घेऊन येते. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ साली हे सिद्ध करून दाखवले. दक्षिणेकडची धडधाकट गुरे नुसती एखाद्या कुरणातून गेली, तरी मागाहून तिथे चरणारी गुरे मरत. कारण गळलेल्या गोचिडांची पिल्ले. थायलेरियाचा ताप मात्र अंड्यात उतरत नाही. लहानपणी आजारी जनावराचे रक्त प्यालेला तपकिरी गोचीड पुढच्या अवस्थेत तो दुसऱ्याला देतो. आर्वी-कारंज्याकडची गवळाऊ गाय या तापाला बरीच तोंड देते. संकरित गाय किंवा कालवड चारदोन दिवसांत हातची जाऊ शकते. ताप चढला, कानाखाली किंवा खांद्यापुढे गाठी आल्या, तर वाट न पाहता पशुवैद्याला बोलवावे.

औषध डॉक्टरांनी सांगितलेलेच, सांगितलेल्या प्रमाणात लावावे, आणि नंतर निघालेल्या पिल्लांसाठी ते म्हणतील त्या दिवशी पुन्हा लावावे. कपाशीचे फवारणीचे औषध घरात आहे म्हणून ढोराला चोपडू नये. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधेने माणसे दगावली. ढोर तर अंग चाटते.

गोचीड बोटाने चिरडू नये. २०११ साली गुजरातेत माणसांना झालेला काँगो ताप तपकिऱ्याच्याच भाईबंदांकडून पसरतो, आणि त्याचे विष रक्तात असते. तिकडे कर्नाटकात १९५७ साली उघडकीस आलेला आणि २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे आढळलेला माकडताप माणसाला बहुधा तीळभर आकाराच्या पिल्लाकडूनच होतो. अंगाला चिकटला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. रॉकेल, चटका काही नको.

गुरुजींना एक सुचवतो. फुगलेली मादी चिमट्याने काचेच्या बाटलीत टाका, तोंडाला दाट विणीचे कापड घट्ट बांधा आणि बाटली सावलीत ठेवा. काही दिवसांत अंडी दिसतील. पुढे तीन-चार आठवडे, थंडीत त्याहून जास्त, वाट पाहा. पिल्ले काचेवर चढू लागली की मुलांना भिंगातून पाय मोजू द्या, पण कापड सोडू नका. पाहून झाले की गुरुजींनीच बाटली तशीच उकळत्या पाण्यात बुडवावी.