अद्भुत कथांचे चित्रकार

सामाजिक कथेसाठीं चित्र काढणाऱ्याला नमुन्यांची उणीव पडत नाहीं. वाडा, बाजार, रेल्वेचा डबा, भांडणारीं माणसें हीं सर्व त्याच्या डोळ्यांसमोरच असतात. परंतु ज्या कथेचा नायक शनीच्या जवळून प्रवास करतो, किंवा थडग्यांतून उठलेल्या मांत्रिकाशीं झुंजतो, त्या कथेचें चित्र कशावरून काढावयाचें? जें कोणींच पाहिलें नाहीं, तें वाचकाला पटेल असें दाखविणें, हा या चित्रकारापुढील मुख्य प्रश्न होय.

तो सोडविण्याचा एक मार्ग अमेरिकेंतील ‘अमेझिंग स्टोरीज’ या विज्ञानकथांच्या मासिकाच्या पहिल्याच मुखपृष्ठावर दिसतो. ह्यूगो गर्न्सबॅक यांनीं हें मासिक एप्रिल १९२६ मध्यें काढलें. मुखपृष्ठ फ्रँक पॉल यांचें होतें. आकाशांत कड्यासह प्रचंड शनि, उंच हिमराशींवर अडकलेलीं गलबतें, आणि खालीं बर्फावरून घसरत खेळणारीं माणसें, असें तें दृश्य. शनीचें तसें दर्शन कोणासही घडलेलें नव्हतें. परंतु बर्फावर खेळणारीं माणसें तेथील वाचकांच्या नित्य परिचयाचीं होतीं. माणसाच्या मापानेंच शनीचा विस्तार मनांत भरतो. परिचिताच्या शेजारीं अपरिचित ठेवावें, हा या कलेचा पहिला नियम म्हणतां येईल.

दुसरी अडचण कल्पनेची नसून कागदाची असे. हीं मासिकें लाकडाच्या लगद्याच्या खरखरीत व स्वस्त कागदावर छापलीं जात. छायाचित्रांतील करड्या छटा उठविणारा हाफटोन ब्लॉक अशा कागदावर नीट उमटत नाहीं. त्याचे बारीक ठिपके शाईनें भरून जातात आणि चित्र चिखलासारखें दिसतें. म्हणून आंतील चित्रांसाठीं लाइन ब्लॉक वापरीत. मूळ चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवितात. रेषांचा भाग तेवढा सुरक्षित राहतो व बाकीचा भाग अम्ल खाऊन टाकतें. जो भाग उंच उरतो, त्यालाच शाई लागते. या ब्लॉकला काळें आणि पांढरें एवढेंच कळतें. मधली छटा हवी असेल, तर ती चित्रकारानें रेषा किंवा ठिपके दाट-विरळ करून स्वतःच्या हातानें निर्माण केली पाहिजे.

या कामांत व्हर्जिल फिन्ले याच्या तोडीचे चित्रकार थोडेच झाले. त्याचा जन्म १९१४ मध्यें न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर या गांवीं झाला. १९३५ मध्यें त्यानें आपलीं कांहीं चित्रें ‘वीअर्ड टेल्स’ या मासिकाकडे पाठविलीं. १९२३ मध्यें निघालेलें हें भयकथांचें मासिक नेहमींच पैशाच्या ओढाताणींत असे. संपादक फार्न्सवर्थ राइट यांना चित्रें आवडलीं. मात्र इतकें नाजूक काम आपल्या हलक्या कागदावर उमटेल काय, अशी त्यांना शंका आली. त्यांनीं एक चित्र प्रथम छापून पाहिलें. तें स्वच्छ उमटलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरच्या अंकांत फिन्लेच्या चित्रांना स्थान मिळालें.

त्याची पद्धत कमालीच्या चिकाटीची होती. बारीक टांक शाईंत बुडवून तो एक ठिपका ठेवी, मग टोंक पुसून पुन्हां दुसरा ठिपका. अशा असंख्य ठिपक्यांतून चेहऱ्यावरील प्रकाश किंवा धुक्याचा पडदा साकार होई. दुसऱ्या पद्धतींत पांढऱ्या मातीचा लेप दिलेल्या पुठ्ठ्यावर काळी शाई पसरून ती पात्यानें खरवडीत. तेथें अंधारांतून उजेड कोरून काढावा लागे.

या श्रमाचें मोल मात्र अल्प असे. मोबदला चित्रामागें ठरे, ठिपक्यांमागें नव्हे. म्हणून जो अधिक मन लावी, त्याचीच मिळकत वेळेच्या मानानें कमी पडे. तरीही फिन्लेनें ठिपके विरळ केले नाहींत. त्याच्या चित्रांची संख्या अडीच हजारांहून अधिक भरते. १९५३ मध्यें विज्ञानकथाप्रेमींनीं ह्यूगो पारितोषिकें प्रथम दिलीं, तेव्हां मासिकाच्या आंतील चित्रांबद्दलचें पारितोषिक त्यालाच मिळालें. १९७१ मध्यें तो निवर्तला.

चित्रकारास आणखी एक पथ्य पाळावें लागतें. वाचकाची दृष्टि कथेच्या आधीं चित्रावर जाते. म्हणून दार उघडण्यापूर्वींचा क्षण दाखवावा, दारामागें कोण आहे तें दाखवूं नये. चित्रानें कुतूहल वाढवावें, कथेचें गुपित फोडूं नये.

‘वीअर्ड टेल्स’ची पहिली मालिका १९५४ मध्यें बंद पडली. त्या जुन्या अंकांचा कागद आतां पिवळा पडून बोटांखालीं तुटतो. त्यांतील कित्येक कथा कोणाच्या स्मरणांतही नाहींत. परंतु फिन्लेचीं चित्रें पुन्हां पुन्हां छापलीं गेलीं आहेत. आज संगणकामुळें वाटेल ती छटा सहज छापतां येते. जस्ताच्या ब्लॉकची अडचण उरलेली नाहीं. न पाहिलेलें पटवून देण्याची अडचण मात्र तशीच आहे, आणि ती कोणत्याही यंत्रानें सुटत नसून कथा मन लावून वाचणाऱ्या चित्रकाराकडूनच सुटते.