संगणक 'ठीक आहे' म्हणतो, तेव्हा त्याने नेमकं काय तपासलेलं असतं?

लॅबमधला संगणक चालू केला, लिनक्स नीट वर आलं, की मशीन ठीक आहे असं आपण धरून चालतो. मग त्यावर आठ-आठ दिवस सिम्युलेशन चालवतो आणि आलेले आकडे प्रबंधात घालतो. पण सुरू होताना संगणक स्वतःची जी तपासणी करतो, ती कुठे थांबते हे आपल्याला माहीत असायला हवं.

या तपासणीला 'पोस्ट' म्हणतात, म्हणजे पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट. १९८१ च्या आयबीएम पीसीचं उदाहरण घेऊ, कारण त्याच्या बायोसचा कोड कंपनीने मॅन्युअलमध्येच छापला होता. त्यातला क्रम बघा. आधी प्रोसेसर स्वतःचे फ्लॅग आणि रजिस्टर तपासतो. मग बायोसच्या रॉमचा चेकसम जुळतो का ते बघतो. मग पहिली १६ केबी मेमरी. त्यानंतर इंटरप्ट कंट्रोलर, टायमर, स्क्रीनचं कार्ड, उरलेली मेमरी आणि कीबोर्ड.

यामागचा तर्क सोपा आहे: पुढची पायरी ज्याच्यावर उभी राहणार, ते आधी तपासायचं. आता स्क्रीनपर्यंत पोचायच्या आधीच बिघाड सापडला, तर सांगायचं कसं? म्हणून स्पीकरचा बीप. एक छोटा बीप म्हणजे सगळं पास. स्क्रीन चालू झाल्यावर मात्र आकडे दिसायचे: २०१ म्हणजे मेमरीत दोष, ३०१ म्हणजे कीबोर्डमध्ये.

मेमरी तपासायची म्हणजे त्यात ठरावीक नमुना लिहायचा आणि परत वाचायचा. ०१०१०१०१ आणि १०१०१०१० हे नेहमीचे नमुने. दोन्ही मिळून प्रत्येक बिट एकदा ० आणि एकदा १ होतो, शिवाय शेजारचे बिट कायम उलटे राहतात. एखादा बिट कायमचा ० वर चिकटला असेल, तर तो इथे सापडतो. पण मशीन दोन तास तापल्यावरच उलटणारा बिट? किंवा शेजारच्या ओळीवर वारंवार वाचन-लेखन झाल्यावरच बिघडणारा? सुरुवातीच्या काही सेकंदांत असे दोष दिसण्याची शक्यता फार कमी. त्यात कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबून रीस्टार्ट केलं, तर आयबीएम पीसी मेमरीची चाचणी सरळ गाळायचा. आजच्या मशीनमधलं 'फास्ट बूट'ही वेळ वाचवण्यासाठी तपासण्या कमी करतं.

हा धोका नुसता कागदावरचा नाही. गूगलच्या सर्व्हरवर झालेला २००९ चा अभ्यास सांगतो की वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मेमरी मोड्यूलमध्ये चुका आढळल्या. त्या सर्व्हरमध्ये चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी होती, म्हणून त्या मोजता तरी आल्या. आपल्या साध्या डेस्कटॉपमध्ये बहुधा ती नसते. तिथे बिट उलटला तर कधी मशीन बंद पडतं आणि कधी काहीच होत नाही, फक्त एक आकडा बदलतो. हार्ड डिस्कचंही तसंच. गूगलच्याच २००७ च्या अभ्यासात बिघडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी, तापमान सोडलं तर, 'स्मार्ट' या स्वयंतपासणीत कुठलीच खूण दाखवली नव्हती.

मग करायचं काय? मोठा रन सुरू करण्याआधी मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. एक फेरी पुरेशी नाही. डिस्कची 'स्मार्ट' लाँग टेस्ट करा. डेटा कॉपी केल्यावर दोन्हीकडचे चेकसम जुळवा. आणि महत्त्वाचा रन त्याच इनपुटवर दुसऱ्या मशीनवर पुन्हा करा. समांतर गणनेत बेरजेचा क्रम बदलतो, त्यामुळे शेवटचे एक-दोन अंक हलले तर लगेच घाबरू नका. फरक त्याहून मोठा असेल तर मात्र शोध घ्या.

कुठलीही चाचणी पास झाली, की स्वतःला दोन प्रश्न विचारायची सवय लावा: हिने काय तपासलं, आणि कुठला दोष असता तरी ही पासच झाली असती? संगणक असो, स्पेक्ट्रोमीटर असो की स्वतःचा कोड, व्हायव्हामध्ये परीक्षक दुसरा प्रश्न विचारतातच. त्याचं उत्तर आधीपासून वहीत लिहिलेलं असू द्या.