पाकिटावरची नाचणी आणि पाकिटातली नाचणी

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं. प्रस्ताव भारताचा होता आणि सत्तरहून अधिक देशांनी त्याला पाठिंबा दिला होता. त्या सुमारास ज्वारीचे पोहे, बाजरीच्या शेवया, नाचणीची बिस्किटं, झटपट उपम्याची पिठं वाण्याच्या दर्शनी फळीवर आली आणि तिथेच राहिली. बचत गट, गृहउद्योग आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना यात धंदा दिसतो, आणि तो खरोखरच आहे. पण विकणारे आणि विकत घेणारे, दोघंही बऱ्याच ऐकीव गोष्टींवर चालले आहेत. त्यात ग्राहक फसतो तो फसतोच. खरा माल करणारा छोटा उत्पादक मात्र पुरता मागे पडतो. म्हणून या समजुती एकेक करून तपासायला हव्यात.

“पुढे नाचणी लिहिलंय, म्हणजे आत नाचणीच असणार.”

पाकीट उलटं करा. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा नियम आहे. जे सर्वांत जास्त ते पहिलं. ‘नाचणी बिस्किटा’च्या यादीत पुष्कळदा आधी मैदा किंवा कणीक येते, मग साखर, मग तेल, आणि त्यानंतर नाचणी. यामागे लबाडी असते तसं एक खरं कारणही असतं. गव्हात ग्लुटेन असतं, ते पीठ धरून ठेवतं. ज्वारी, बाजरी, नाचणीत ते नाही. म्हणूनच भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळावं लागतं. पाण्याच्या उष्णतेने त्यातला स्टार्च फुलतो आणि चिकटपणा येतो. तरीही भाकरी पोळीसारखी लाटायला गेलं की कडेने तडकते, हातावर किंवा परातीत थापावी लागते. यंत्रावर बिस्किट किंवा पाव करताना हीच अडचण येते, आणि कारखानदार मैद्याकडे वळतो.

हिशेब करून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. बिस्किटात नाचणी पाचवा हिस्सा असेल, तर १०० ग्रॅम बिस्किटांतून नाचणीचं कॅल्शियम मिळेल ७३ मिलिग्रॅम. १०० मिलिलिटर गाईच्या दुधात त्याहून जास्त असतं. तेव्हा ज्याच्या मालात नाचणी निम्म्याहून अधिक आहे, त्याने टक्केवारी पाकिटाच्या पुढच्या बाजूला ठळक छापावी. तिथे त्याच्याशी स्पर्धा करणं मोठ्या कंपनीलाही अवघड जाईल.

पिठाच्या मिश्रणासाठी सरकारनेच एक रेघ आखून दिली आहे. वजनाने किमान ७० टक्के भरडधान्य असलेलं पीठ सुटं विकलं तर जीएसटी नाही, पाकीटबंद आणि लेबल लावून विकलं तर ५ टक्के, असा निर्णय जीएसटी परिषदेने ऑक्टोबर २०२३ मध्ये घेतला. आपण विकत घेतो त्या ‘मल्टिग्रेन’ पिठात ज्वारी-बाजरी किती, हे या आकड्याशी ताडून पाहावं.

“ज्वारी-नाचणी सगळ्याच बाबतीत गव्हापेक्षा सरस.”

नाही. त्याच तक्त्यात कणकेची प्रथिनं साधारण साडेदहा टक्के आहेत, ज्वारीची दहाच्या आसपास, नाचणीची जेमतेम सात. तंतूंच्या बाबतीतही चोकरासकट दळलेला गहू कुठे कमी नाही. नाचणीचं बळ कॅल्शियममध्ये आहे, बाजरीचं लोहात. शिवाय ही धान्यं कमी पाण्यात येतात, हा गुण शेतकऱ्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. जे आहे ते भरपूर आहे. नसलेलं सांगायची गरज काय?

मधुमेहींना तर फार जपून सांगायला हवं. नाचणीत कर्बोदकं सुमारे ६७ टक्के असतात. बारीक पिठाची पातळ आंबील लवकर पचते आणि रक्तातली साखरही लवकर चढवू शकते. ‘मधुमेहावर गुणकारी’ असं पाकिटावर छापणं कायद्यात बसत नाही आणि नीतीतही बसत नाही.

“गूळ घातलाय, म्हणजे साखर नाही.”

ही समजूत सर्वांत जास्त पसरलेली आहे आणि छोटे उत्पादक हिच्यात नकळत अडकतात. ‘साखर घातलेली नाही’ असं लिहायचं असेल, तर कुठल्याही प्रकारची साखर घालता येत नाही. मध नाही, काकवी नाही, अर्थात गूळही नाही. साखरेऐवजी खजुरासारख्या सुक्या फळांचा लगदा घातला, तरीही तो दावा टिकत नाही. ‘शुगर फ्री’ लिहायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर जाता कामा नये. नाचणीचे लाडू गुळाचे असतील, तर ‘गुळाचे लाडू’ असंच लिहावं. चांगल्या गुळाच्या चवीला गिऱ्हाईक आहे, तिला औषधाचं सोंग नको.

‘ग्लुटेन फ्री’चंही असंच आहे. मर्यादा आहे किलोमागे २० मिलिग्रॅम. ज्या गिरणीत आधी गहू दळला, तिथेच पुढचा घाणा ज्वारीचा घेतला, तर ही मर्यादा पाळली गेल्याची खात्री देता येत नाही. सीलिएक म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार; त्याच्या रुग्णाला अशा मिसळीनेही त्रास होतो. वेगळी गिरणी आणि नियमित तपासणी परवडत असेल, तरच हा दावा करावा.

“नाचणी सत्त्व, बाळाचा फोटो, आणि काम झालं.”

हे लगेच थांबवायला हवं. दोन वर्षांखालच्या बाळासाठी पूरक आहार म्हणून विकलेल्या पदार्थाच्या लेबलवर बाळाचं किंवा स्त्रीचं चित्र छापायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, जाहिरातीलाही बंदी आहे. मायेने केलेला माल एवढ्यावरून अडकू शकतो. आणखी एक गोष्ट म्हणजे, भिजवून, वाटून, फडक्यातून गाळताना नाचणीचं साल निघून जातं आणि कॅल्शियमचा मोठा वाटा त्या सालातच असतो. मोड आणून, वाळवून, न गाळता दळलेलं पीठ मोठ्या माणसांसाठी करून विकलं, तर त्यात जास्त कस उरेल.

“रसायन घातल्याशिवाय माल टिकत नाही.”

बाजरीचं पीठ आठ-पंधरा दिवसांत कडवट होतं, हे घरोघरी माहीत आहे. बाजरीत पाच टक्क्यांहून जास्त स्निग्धांश असतो. दळताच त्यातलं लायपेज नावाचं विकर त्याच्यावर तुटून पडतं आणि पीठ खवट होतं. यावरचा उपाय साधा आहे. दाणे थोडा वेळ उकळत्या पाण्यातून काढून, नीट वाळवून मग दळले, की हे विकर निकामी होतं आणि पीठ बरंच जास्त टिकतं. हैदराबादच्या भारतीय भरडधान्य संशोधन संस्थेत अशा प्रक्रियांचं प्रशिक्षण मिळतं. दळल्याची तारीख छापलेली अर्ध्या किलोची छोटी पाकिटं, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल.

आणि पुरावाच हवा असेल तर सोलापूर जिल्ह्यात जा. तिथल्या बायका ज्वारीच्या, बाजरीच्या पातळ भाकऱ्या थापून, भाजून, अगदी कडक होईपर्यंत वाळवतात. ओलावा गेला की बुरशीला जगायला जागा उरत नाही. घटक विचाराल तर ज्वारी, पाणी आणि असलंच तर मीठ. ही कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर पुण्या-मुंबईत खपते, परदेशात राहणाऱ्या लेकीसुनांच्या सामानातूनही जाते. भाकरी थापायला वेळ नाही किंवा येत नाही, अशी लाखो घरं आहेत, आणि हे त्यांना हवं असलेलं उत्तर आहे.

कमी पडतं ते वेष्टण. पातळ पिशवीत भाकरीचा चुरा होतो, हवा लागली की ती सादळते. कडक पुठ्ठ्याचा डबा, आत ओलावा रोखणारी पिशवी, आणि ज्वारी कुठली तेही लिहिलेलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते नाव मालावर वापरायचं असेल, तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी लागते.