राइड बंद होते तेव्हा चाहत्यांचं नेमकं काय जातं?

विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, की पार्कातला एक पाळणा काढून दुसरा बसवला, त्यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? प्रश्न रास्त आहे. पण अशाच एका 'पाळण्या'साठी अमेरिकेत मोठी, शिकलीसवरलेली माणसं हिरवे टी-शर्ट घालून जमली, त्यांनी कंपनीला पोस्टकार्डं पाठवली, इंटरनेट नवं होतं तेव्हा त्यावरून मोहीम चालवली. आणि तरीही हरली. ती का हरली, इथून सुरुवात करू.

आधी 'राइड' हा शब्द. आज मी आकाशपाळण्याबद्दल बोलत नाहीये. एक अंधारी इमारत, आत रूळ, रुळावर दोघाचौघांची गाडी. दोन्ही बाजूंना रंगवलेले देखावे, हलणाऱ्या बाहुल्या, संगीत, कधी धूर, कधी वास. आपल्याकडचे गणेशोत्सवातले हलते देखावे डोळ्यांसमोर आणा. तिथे देखाव्यापुढून आपण चालत जातो, इथे गाडी आपल्याला देखाव्याच्या आत नेते. आणखी एक फरक आहे, तो जास्त महत्त्वाचा. गणपतीचा देखावा दहा दिवसांनी उतरणार हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, त्यामुळे तो उतरल्यावर कोणी निषेध करत नाही. या राइड मात्र पंचवीस-तीस वर्षं एका जागी उभ्या असतात. ज्या गाडीत आपण आईच्या मांडीवर बसलो, तिच्यातच आपलं मूल बसतं. मग माणूस ती कायमची आहे असं धरून चालतो. तसं वचन त्याला कोणी दिलेलं नसतं.

आता ती हिरव्या टी-शर्टांची गोष्ट. फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं, त्या दिवसापासूनची राइड म्हणजे 'मिस्टर टोड्स वाइल्ड राइड'. केनेथ ग्रॅहम यांच्या १९०८ च्या पुस्तकातले हे बेडूकराव, मोटारीचं वेड लागलेले. तुम्ही त्यांच्या मोटारीत बसायचं, भिंती फोडत, पोलिसांना चुकवत जायचं, शेवटी समोरून आगगाडी येते, टक्कर होते आणि तुम्ही थेट नरकात. लहान मुलांच्या राइडचा शेवट नरकात! सगळा खेळ दोन-तीन मिनिटांचा. फ्लोरिडात तिचे दोन वेगवेगळे मार्ग होते, डाव्या रांगेत उभं राहिलात तर काही देखावे वेगळे दिसायचे.

१९९७ च्या शरद ऋतूत बातमी फुटली, की बेडूकराव जाणार आणि विनी द पू येणार. चाहते राइडपाशी जमायला लागले, रांगेत एकत्र उभे राहून पुन्हा पुन्हा बसायला लागले. त्याला त्यांनी नाव दिलं 'टोड-इन'. मिकी मिस्टर टोडला का मारतोय ते मला विचारा, अशा अर्थाचा मजकूर त्या शर्टांवर होता. कंपनीने बरेच महिने धड हो म्हटलं नाही की नाही. बंद व्हायला थोडे दिवस राहिले तेव्हा जाहीर केलं आणि ७ सप्टेंबर १९९८ ला राइड बंद झाली. जून १९९९ मध्ये पू आला.

पण बघा, कंपनीलाही काहीतरी वाटलं असावं. पूच्या राइडमध्ये घुबडाच्या घरात एक तसबीर आहे. तिच्यात मिस्टर टोड घुबडाच्या हाती घराची कागदपत्रं देतोय. सातबारा नावावर करून देतोय म्हणा ना. आणि शेजारच्या हॉन्टेड मॅन्शनमधून बाहेर पडताना पाळीव प्राण्यांची छोटी दफनभूमी लागते, तिथे बेडूकरावांचा पुतळा आहे. माहीत असलेल्यालाच कळतं. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये १९५५ पासूनचे मिस्टर टोड अजून चालू आहेत.

कंपन्या असं का करतात? याची उत्तरं रुक्ष आहेत, पटकन सांगतो. जागा मर्यादित असते. जुन्या यंत्रांची देखभाल महाग पडते. तासाला किती माणसं आत-बाहेर होतात हा हिशेब असतो. फ्लोरिडातली पाणबुड्यांची राइड त्यातच गेली, चढायला-उतरायला वेळ फार, पाण्यातली देखभाल कठीण. १९९४ मध्ये ती बंद केली, कायमची बंद हे १९९६ मध्ये कळलं. काही राइड प्रायोजकाच्या पैशावर उभ्या असतात, तो गेला की घरघर लागते. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे आज चालणारा सिनेमा. पूची खेळणी विकली जातात, बेडूकरावांची कोण घेणार? यात डिस्ने एकटी नाही. युनिव्हर्सलने ऑरलँडोमधली 'जॉज' राइड २ जानेवारी २०१२ ला बंद केली, महिनाभर आधी सांगून. तिथे हॅरी पॉटरची डायगन ॲली आली. व्यवहार म्हणून यात चूक काढता येत नाही. वॉल्ट डिस्ने स्वतः म्हणत असत की हे पार्क कधीच पुरं होणार नाही, आणि कंपनी दर वेळी त्यांचाच दाखला देते. माझ्या मते तो दाखला जरा सोयीने वापरला जातो. भर घालत राहणं वेगळं आणि पुसून लिहिणं वेगळं.

आता चाहत्यांचं काय जातं, त्याकडे येऊ. यासाठी मला 'होरायझन्स' सांगावी लागेल. एपकॉट पार्कात १ ऑक्टोबर १९८३ ला सुरू झालेली, भविष्यकाळ दाखवणारी राइड. वाळवंटात शेती, समुद्राखाली वस्ती, अंतराळात घर. शेवटी गाडीतल्या लोकांनी बटण दाबून ठरवायचं, परतीचा प्रवास कुठून करायचा. प्रायोजक जनरल इलेक्ट्रिक १९९३ मध्ये बाहेर पडली. ९ जानेवारी १९९९ ला राइड बंद, पुढे इमारतही पाडली. बंद होण्याआधी दोन तरुण चाहते वारंवार चालत्या गाडीतून गुपचूप उतरायचे आणि देखाव्यांच्या आत, मागे फिरून फोटो काढायचे. हे धोक्याचं होतं, नियमाबाहेरचंही होतं, त्याची भलामण मी करणार नाही. पण त्या जागेचं आतून झालेलं तपशीलवार चित्रण आज आहे, ते त्यांच्यामुळे.

आणि तरी त्यात एक गोष्ट नाही. वाळवंटातल्या शेतीच्या देखाव्यात संत्र्यांचा वास सोडलेला असायचा. होरायझन्सबद्दल बोलणारा जवळजवळ प्रत्येक चाहता त्या वासावर येतो. फोटो आहेत, आवाजाच्या फिती आहेत, चलच्चित्र आहे. वास नाही. पुस्तक छापखान्यातून गेलं तरी ग्रंथालयात सापडतं, सिनेमा थिएटरमधून उतरला तरी रीळ राहतं. राइड मात्र चालू असते तेवढीच असते. बाहुली संग्रहालयात ठेवली तर ती बाहुली उरते, राइड उरत नाही. नाटकासारखं आहे हे, पण नाटकाची संहिता तरी पुन्हा बसवता येते. इथे पुन्हा बसवायचा हक्क एकाच कंपनीकडे, आणि जागा दुसऱ्याला दिलेली.

म्हणून मला 'मपेट व्हिजन थ्री-डी' बंद झाल्याचं जास्त वाईट वाटलं. जिम हेन्सन यांच्या अगदी शेवटच्या कामांपैकी हे एक. ते १६ मे १९९० ला गेले, हा खेळ बरोबर वर्षाने, १६ मे १९९१ ला उघडला. ७ जून २०२५ हा त्याचा शेवटचा दिवस. कोणी म्हणेल, फिल्म तर आहे ना? आहे. पण सज्जात बसून खेळाला नावं ठेवणारे ते दोन यांत्रिक म्हातारे, वाद्यवृंदातले पेंग्विन, मधूनच प्रेक्षकांत शिरणारा केसाळ राक्षस, हे सगळं त्या थिएटरच्या भिंतींसकट होतं. फिल्म म्हणजे त्याचा एक भाग.

मग चाहत्यांचं प्रत्येक रडगाणं खरं मानायचं का? नाही. 'स्प्लॅश माउंटन' घ्या. १९८९ ची, ओंडक्याच्या होडीतून पाण्यात कोसळायची राइड. तिच्या गोष्टी १९४६ च्या 'साँग ऑफ द साउथ' या सिनेमातल्या. त्या सिनेमात मळ्यावरच्या काळ्या मजुरांचं जगणं गोडगोड दाखवलंय, ही टीका सिनेमा आला तेव्हापासूनची. कंपनीने अमेरिकेत तो घरी बघायला कधी विकला नाही. जून २०२० मध्ये, वंशभेदाविरुद्ध देशभर निदर्शनं चालू असताना, राइड बदलण्याचं जाहीर झालं. फ्लोरिडात ती जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली, कॅलिफोर्नियात मेअखेर. शेवटी तासन्‌तासाच्या रांगा लागल्या आणि त्या राइडचं पाणी बाटल्यांत भरून लोकांनी इंटरनेटवर विकायला काढलं. तीर्थच ते!

'इतिहास पुसला' अशी ओरड झाली. पण इतिहास त्या राइडमध्ये होता कुठे? मूळ कथेत ससा अडकतो तो डांबराच्या बाहुलीला. राइड बनवणाऱ्यांनीच डांबर काढून तिथे मध घातला होता. जाता जाता सांगतो, या डांबराच्या बाहुलीचं नातं काही अभ्यासकांनी आपल्या जातककथांशी, राक्षसाच्या चिकट केसांना हातपाय चिकटतात त्या पंचावुध जातकाशी, जोडलंय. गोष्ट मूळची गुलामगिरीत जगलेल्या काळ्या लोकांच्या तोंडची. राइडमध्ये ती माणसं कुठेच नव्हती. २०२४ मध्ये त्याच पाण्यावर, त्याच उतारावर टियाना ही डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या आली. मला हा बदल योग्य वाटतो. वडिलांबरोबर भिजलेल्या माणसाचं दुःखही खोटं नाही. फक्त त्याच्या दुःखाआडून जे दुसरंच बोलत होते, त्यांना वेगळं काढावं लागतं.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांतून दोन प्रश्न आले. त्यांची उत्तरं अशी.)

चाहत्यांनी कधी जिंकलंय का? जिंकलंय, पण बंद होण्याआधी सहसा नाही, नंतर. एपकॉटमध्ये 'जर्नी इन्टू इमॅजिनेशन' या राइडमधला फिगमेंट हा जांभळा ड्रॅगन १९९९ च्या नव्या आवृत्तीत जवळजवळ गायब केला होता. तक्रारी इतक्या आल्या, की दोन वर्षांत ती आवृत्ती बंद करून २००२ मध्ये फिगमेंटला परत आणलं. फ्लोरिडाच्या टिकी रूममध्ये १९९८ साली नव्या सिनेमांतले पक्षी घुसवले होते. २०११ मध्ये तिथे छोटी आग लागली आणि त्याच वर्षी जुना खेळ परतला. दोन्हीकडे इमारत शाबूत होती आणि नवं काम फसलेलं होतं. पूची राइड फसली नाही, मुलांना आवडली, म्हणून बेडूकराव परतले नाहीत.

कायद्याने जपता येतं का? कंपनीच्या इमारतीच्या आतला खेळ रोज चालू ठेवा, असं कायदा सांगू शकत नाही. रोलर कोस्टरचं वेगळं आहे, कारण तो स्वतःच एक बांधकाम असतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा लाकडी 'सायक्लोन' १९२७ चा. १९७० च्या दशकात मत्स्यालय वाढवण्यासाठी तो पाडायचं घाटत होतं. जमीन महापालिकेची, त्यामुळे लोकांच्या मोहिमेला दाद मागायला एक दार तरी होतं. तो वाचला, १९८८ मध्ये शहराने त्याला वारसा वास्तू ठरवलं, १९९१ मध्ये देशाने. तिकीट काढून आजही त्यात बसता येतं.